टिश्यू कल्चर बांबूची रोपे: रोप सशक्त, नोंद अपुरी

बांबूची टिश्यू कल्चरने, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीतल्या पोषक माध्यमावर, व्यापारी प्रमाणावर रोपे करणाऱ्या आणि त्यासाठी स्वतःची जैवतंत्रज्ञान प्रयोगशाळा चालवणाऱ्या एका रोपवाटिकेकडून आम्ही बालकोआ आणि मानवेल या दोन जातींची रोपे घेतली. रोपवाटिकेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे नोंदवलेले बहुतेक गुणदोष अशा कोणत्याही ठिकाणी खरेदीपूर्वी तपासून घ्यावेत असे आहेत.

एकाच प्रयोगशाळेतून आलेल्या या दोन जातींचे मूल्यमापन मात्र एकाच मापाने करता येत नाही. बालकोआला रुजणारे बी मिळत नाही, पण त्याच्या जाड काठीच्या पेरांवरील डोळे रुजतात. त्यामुळे थोडी रोपे हवी असतील तर प्रयोगशाळेची गरज नाही, आणि टिश्यू कल्चरचा खरा उपयोग संख्या मोठी आणि वेळ कमी असतानाच आहे. मानवेलाला फुलोरा येतो तोच काही दशकांनी, त्याचे बी साध्या साठवणीत काही महिन्यांतच उगवणशक्ती गमावते, बियांपासूनची रोपे एकमेकांसारखी निघत नाहीत आणि पेरांना मुळे फुटण्याचे प्रमाणही कमी असते. कंद खणून लावावेत, तर एका बेटातून मोजकेच मिळतात, वाहतुकीला जड पडतात आणि मूळ बेटाला इजा होते ती वेगळी. निवडक, सरळ आणि भरीव काठीच्या मानवेल बेटाची हुबेहूब रोपे मोठ्या संख्येने हवी असतील, तर प्रयोगशाळेला फारसा पर्याय उरत नाही.

प्रयोगशाळा काचेपलीकडून पाहू दिली गेली, आणि दाखवणाऱ्यांनी फक्त चांगल्या बाटल्या पुढे केल्या नाहीत, हे विशेष आवडले. कोवळ्या फांदीचे डोळ्यासह पेर बाहेरून कितीही निर्जंतुक केले, तरी बांबूच्या ऊतींच्या आत राहणारे जिवाणू काही आठवड्यांनी माध्यमावर दुधाळ थर धरून प्रकट होतात. अशा टाकून दिलेल्या बाटल्यांचा आणि कापलेल्या भागातून पाझरणाऱ्या फिनॉल या द्रव्यांमुळे काळवंडलेल्या पेरांचा वेगळा रकाना त्यांच्या नोंदवहीत होता. माध्यम १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग यांनी मांडलेल्या सूत्रावरचेच, आणि फुटवे वाढवण्यासाठी सायटोकायनिन हे वनस्पती-संप्रेरक. फुटवे सुटे न करता तीन-चारांच्या झुपक्याने पुढच्या बाटलीत हलवले जात होते, आणि ते योग्यच आहे, कारण एकटा पडलेला बांबूचा फुटवा बहुधा मरतो.

संशोधन विभागात कॅलसपासून, म्हणजे पेशींच्या आकारहीन गोळ्यापासून, कायिक भ्रूण (बियांशिवाय साध्या पेशींतून बनलेले भ्रूण) तयार करण्याचे काम चालते. या मार्गाने संख्या वेगाने वाढते, परंतु कॅलसच्या टप्प्यात आनुवंशिक बदल शिरण्याचा धोका अधिक असतो. म्हणूनच विक्रीची रोपे केवळ डोळ्यांच्या फुटव्यांपासून केली जातात, असे त्यांनी सांगितले आणि रोपे मूळ बेटासारखीच आहेत का हे तपासणाऱ्या डीएनए मार्कर चाचणीचा अहवालही दाखवला. अहवाल खरा होता. फक्त तो आमच्या खेपेचा नव्हता. ग्राहकाने आपल्या खेपेचाच अहवाल मागावा.

प्रत्यक्ष हाती आलेल्या रोपांपैकी बालकोआची रोपे उत्कृष्ट होती. टिश्यू कल्चरच्या रोपाची परीक्षा उंचीवर करू नये. सुरुवातीला ते गवतासारखेच बारीक दिसते. बुंध्यातून जुन्या काडीपेक्षा जाड असा नवा कोंब निघाला आहे का, ते पाहावे, कारण तो निघाला म्हणजे जमिनीखाली कंद धरू लागला आहे. ही खूण बालकोआत जवळपास सर्वत्र दिसली. मानवेलाच्या काही ट्रेमध्ये मात्र ती नव्हती आणि पानांच्या कडाही करपल्या होत्या. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांची पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत, म्हणून पॉलिहाऊसनंतर शेडनेटखाली दुसरे हार्डनिंग, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची हळूहळू सवय लावणे, आवश्यक असते. ते येथे घाईने उरकलेले दिसले. ही रोपे आम्हाला आणखी काही काळ सावलीत ठेवावी लागली, आणि हे काम खरे तर विक्रेत्याचे होते.

सर्वांत गंभीर उणीव लेबलावर आहे. त्यावर जात, खेप आणि पाठवणीची तारीख आहे. मातृबेट (ज्या बेटापासून रोपे केली ते) कोणते आणि मानवेलाच्या बाबतीत ते कोणत्या फुलोऱ्याच्या बियांपासून आले, याचा उल्लेख नाही. असा बांबू फुलोऱ्यानंतर बहुधा मरतो, म्हणून बेटाचे वय कळल्याशिवाय लागवड किती टिकेल ते सांगता येत नाही. विचारल्यावर, टिश्यू कल्चरने बांबूचे वय शून्यावर येते, असे ठामपणे सांगण्यात आले. हा दावा स्वीकारता येत नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी चीनमधून युरोपात गेलेला फार्जेसिया म्युरिएली हा शोभेचा बांबू तेथील बागांत विभाजनाने पसरला, आणि १९९०च्या दशकात ठिकठिकाणची ही रोपे, नवी असोत वा जुनी, फुलोऱ्यावर येऊन मोठ्या प्रमाणावर मेली. विभाजनाने जे घड्याळ मागे गेले नाही, ते बाटलीत मागे जाते असे म्हणायला पुरावा हवा. उलट, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या कामात बांबूच्या कोवळ्या रोपांना बाटलीतच फुले आणि बी आणून दाखवले होते. प्रयोगशाळेत फुलोरा अवेळी आणता येतो, हे त्यातून सिद्ध झाले आणि संकरासाठी ते मोलाचे आहे; फुलोरा पुढे ढकलता येतो, हे त्यातून सिद्ध होत नाही.

बालकोआसाठी या रोपवाटिकेची शिफारस मी निःशंकपणे करीन. मानवेलाची पुढची मागणी मात्र मातृबेटाची लेखी नोंद मिळेपर्यंत थांबवली आहे, आणि ती मिळाली तरी सगळी लागवड एकाच बेटाच्या रोपांची न करता निरनिराळ्या बेटांची रोपे मिसळून देण्याची अट घातली आहे.