विंगर की इनसाइड फॉरवर्ड?

फुटबॉल मॅनेजर या कॉम्प्युटर गेममध्ये खेळाडूचे गुण 1 ते 20 असे असतात आणि नजर आधी वेगाकडेच जाते. कडेने पळणाऱ्या विंगरला ॲक्सलरेशन, ड्रिब्लिंग आणि क्रॉसिंग (कडेवरून गोलसमोर चेंडू टाकणं) हवंच. फिनिशिंग (संधीचा गोल करणं) 9 असलं तरी मी घेतो. मात्र क्रॉसवर झेपावणारा उंच स्ट्रायकर नसेल, तर त्याचं क्रॉसिंग वायाच.

कडेवरून आत वळून गोलवर चाल करणाऱ्या इनसाइड फॉरवर्डचं गणित वेगळं. उजव्या बाजूला डावखुरा, नेदरलँड्सच्या आर्येन रॉबेनसारखा. इथे ऑफ द बॉल (चेंडू पायाशी नसतानाची हालचाल), फर्स्ट टच (आलेल्या चेंडूवरचा पहिला ताबा), कंपोजर (दबावातला शांतपणा) आणि फिनिशिंग आधी बघा. ऑफ द बॉल कमी असेल तर तो बचावपटूच्या मागे वेळेवर पोचतच नाही, मग 17 चा पेस काय चाटायचाय? शिवाय त्याने मोकळी सोडलेली कड धरायला दमदार फुलबॅक (कडेचा बचावपटू) लागतो. माझं मत यालाच, गोल जास्त मिळतात.