माझ्याच पगारातले पैसे मला मागावे लागत होते – आर्थिक छळ वेळीच ओळखा

हे मुद्दाम लिहितेय, कारण असं चालू असताना ही फसवणूक आहे हेच बऱ्याच जणींना कळत नाही, आणि पुरुषांच्या बाबतीतही होतं हे. चोर बाहेरचा असला की लगेच लक्षात येतं, घरातलाच असला की आपण त्याला काळजी म्हणतो.

लग्नानंतर नवरा म्हणाला तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस, पैशाचं मी बघतो सगळं. पगार जॉइंट अकाउंटला, बँकेत मोबाईल नंबर त्याचा, म्हणजे ओटीपी, मेसेज सगळं त्याच्याकडे. मग हळूहळू खर्चाला मोजून रोख मिळायला लागली, आणि रात्री जेवणं झाली की टेबलावर पावत्या मांडायच्या, तो एकेकीवर पेनाने टिक करणार, एखादी हरवली असेल तर पुढच्या वेळी तेवढे पैसे कापून देणार. आरडाओरडा नाही, मारहाण नाही, सगळं अगदी शांतपणे. त्यामुळे कुणाला सांगायचीही सोय नाही, सांगणार काय, नवरा हिशोब विचारतो म्हणून?

मग कागद सुरू झाले. मी ऑफिसला निघालेय, चप्पल पायात, पर्स खांद्याला, आणि हा फाईल घेऊन दारात, "इथे आणि इथे सही कर, नुसती फॉर्मॅलिटी आहे." वाचते म्हटलं की "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" पुढे मला शिकायला लोन हवं होतं ते नामंजूर झालं म्हणून क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, काढला तेव्हा कळलं की एका कर्जात मी सहकर्जदार, दुसऱ्यात जामीनदार, आणि हप्ते थकलेले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, सहकर्जदार म्हणजे अर्ध्या कर्जाची जबाबदारी नाही, बँक पूर्ण रक्कम तुमच्याकडून मागू शकते, आणि वेगळं झालात, घटस्फोट झाला तरी बँकेच्या कागदावरचं नाव आपोआप निघत नाही. तसंच जॉइंट खातं दोघांपैकी कुणीही चालवू शकेल असं असेल तर एकटा माणूस ते रिकामं करू शकतो.

ओळखायचं कसं? सहज म्हणून स्टेटमेंट मागून बघा. सरळ माणूस दाखवेल, फार तर कटकट करेल. पण रुसवा, अबोला, पैसे बंद, "तू मला चोर समजतेस" असं सुरू झालं तर माझ्या मते उत्तर मिळालं. नोकरी सोडायला लावणं हाही त्यातलाच प्रकार, गोड बोलून सोडायला लावली तरीसुद्धा.

बाहेर पडायचं ठरवलंत तर आधी बोलून दाखवू नका, कळलं की खाती रिकामी होतात, आणि काही माणसं तेव्हाच हिंसक होतात. पहिलं म्हणजे त्याला माहीत नसलेला नवा ईमेल, तोही त्याच्या हाताशी नसलेल्या फोनवरून. मग दुसऱ्याच बँकेत, कारण मूळ बँकेत ओळखी निघतात, फक्त स्वतःच्या नावाचं खातं, शक्यतो पत्रं घरी येणार नाहीत अशी सोय करून. ओळखपत्रं, कर्जाचे कागद, स्टेटमेंट यांचे फोटो काढून विश्वासातल्या माणसाकडे ठेवायचे. पगाराचं खातं निघायच्या अगदी तोंडावर बदला. जॉइंट खात्यावर दोघांच्या सहीशिवाय व्यवहार नको असं बँकेला लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही.

आणि "हा तुमच्या घरचा मामला" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाईचा आर्थिक छळ हिंसाचारातच धरलाय, लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांनाही तो लागू होऊ शकतो, इंग्लंडच्या २०२१ च्या कायद्यातही आर्थिक छळ आहे. वकिलाकडे जाताना तारखांसकट टिपण न्या, कुठल्या दिवशी काय सही केली, किती पैसे काढले गेले. माझ्या वकील बाईंनी पहिल्या भेटीत तेच मागितलं आणि पुढचा अर्ज त्यावरूनच तयार झाला.