पनामा कालव्यासाठी दोरांची तालीम : नेरूळमधील एका शिकवणीविषयी

लहान शिडाच्या नौकेतून पनामा कालवा पार करू इच्छिणाऱ्यांसाठी एक निवृत्त जहाजकप्तान नेरूळ येथे आपल्या राहत्या घरी शिकवणी घेतात. ती मी नुकतीच पूर्ण केली. मोठ्या जहाजांवर नोकरी केलेली माणसे नवी मुंबईत पुष्कळ आहेत. परंतु त्या जहाजांना कालव्याच्या जुन्या लॉकमध्ये (म्हणजे पाणी भरून वा सोडून जहाज चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या, दरवाजे असलेल्या हौदात) दोन्ही काठांवरील विजेची इंजिने तारांनी ताणून धरतात, तर लहान नौकेला आपल्याच माणसांच्या हातांवर विसंबावे लागते, आणि सरांची सारी शिकवण याच फरकावर उभी आहे.

अटलांटिकच्या बाजूने गाटुन येथील लॉकचे तीन टप्पे नौकेला समुद्रसपाटीपासून सुमारे 26 मीटर उंचावरील तलावात नेऊन सोडतात. पाणी पंपाने नव्हे, केवळ उताराने, तळातील छिद्रांतून वर येते आणि त्यामुळे लॉकमध्ये मोठी खळबळ माजते. नौकेवर सुकाणू धरणाऱ्याखेरीज दोर सांभाळणारे चौघे आणि प्रत्येकी 125 फूट लांबीचे चार जाड दोर असावेच लागतात; नौका 65 फुटांहून लहान असल्यास कालवा प्राधिकरण सोबत एक सल्लागार देते. पाणी चढू लागले की चौघांनी एकाच वेळी ढील ओढून घ्यायची असते, कारण एकजण जरी मागे पडला तरी नौका भिंतीकडे फिरते. उतरताना पाणी बरेच शांत असते, मात्र तेव्हा दोर खुंट्यावर अडकला तर नौका त्यालाच लटकेल, म्हणून तो सतत हळूहळू सोडत राहावे लागते.

याचा सराव सर सोसायटीच्या वाहनतळात घेतात. चार खांबांना दोर बांधून मधोमध वजन लादलेली ढकलगाडी ठेवायची आणि ती हलवताना चारही दोर सारखे ताणलेले राखायचे. पाण्याची ओढ तेथे नसते, हे खरे. तरीही एकमेकांच्या हालचालीकडे लक्ष ठेवण्याची जी सवय त्यातून लागते, ती पुस्तक वाचून लागणार नाही. पुढच्या जहाजाने पाण्याखालचा पंखा सुरू केला की मागे उसळणारा लोंढा ओसरेपर्यंत दोर सोडायचे नाहीत, ही गोष्ट तर त्यांनी पुनःपुन्हा घोटून घेतली.

शिकवणीत नौकेचे मोजमाप, कालव्याचे शुल्क आणि एजंट यांची माहिती पुरेशी आहे. सुएझला मात्र फारच थोडा वेळ मिळाला, हे मला खटकले. मुंबईहून युरोपकडे निघालेल्या नौकेला आधी सुएझ लागतो. तेथे लॉक नसले तरी वाटाड्या सक्तीचा असतो आणि लहान नौकांना सहसा इस्माइलियाला रात्रीचा मुक्काम करावा लागतो. सरांनी त्यासाठी एक स्वतंत्र दिवस ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

शक्य असल्यास जे चौघे प्रत्यक्ष नौकेवर असणार आहेत त्यांनी मिळूनच नाव नोंदवावे. एकट्याने शिकलेल्याला पुढे उरलेल्या तिघांना शिकवावे लागेल.