रणदिव्यांची टीम, नानांचे पोहे

इंदूरच्या रामबागेतल्या या पोह्यांच्या दुकानाला पाटी नाही, म्हणून नाव लिहीत नाही. खूण सांगते. दारावर जांभळ्या दिव्यांची माळ वर्षभर टांगलेली दिसेल. सॅक्रामेंटो किंग्ज, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधली टीम, जिंकले की दुकानवाले नाना तिचं बटण दाबतात. तिकडे सॅक्रामेंटोत जिंकल्यावर स्टेडियमवरून जांभळा झोत थेट आकाशात सोडतात, इथे ही माळ. 2024-25 च्या सीझनमध्ये किंग्ज 40 जिंकले आणि 42 हरले, त्यावरून माळेचे दिवे किती टिकले असतील ते तुम्हीच काढा.

इंदुरात पोहे खायला कोणी लांब जात नाही, ज्याचा त्याचा ठेला ठरलेला असतो. मी सुदामानगरहून स्कूटी काढून येते ती टीव्हीसाठी. सॅक्रामेंटोत संध्याकाळी सातला सुरू होणारी मॅच आपल्याकडे थंडीत सकाळी साडेआठला लागते, मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे सरकली की साडेसातला. बरोबर पोह्यांची वेळ. तीस टीममधून नानांनी हीच का धरली, तर तिचे मालक विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेले, 2013 पासून टीम त्यांच्याकडे. "आडनाव आपलं आहे ना ताई, मग झालं की," हे नानांचं कारण. याच रणदिव्यांनी कधीकाळी आपल्या मुलीच्या बारा वर्षांच्या मुलींच्या टीमला मॅचभर फुल कोर्ट प्रेस, म्हणजे समोरच्यांना अख्ख्या मैदानभर अडवत राहणं, खेळायला लावलं होतं. आणि त्यांच्याच टीमच्या रिंगखाली कोणीही हात हलवत शिरतं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आधी पोहे. उत्तम. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात, त्यामुळे दहाला गेलात तरी मऊ आणि गरम. बडीशेप आहे, साखर बेताची आहे (माझ्या नागपूरच्या जाऊबाईंना तीही खपत नाही), वर कांदा, रतलामी शेव आणि जिरावण (वरून भुरभुरायचा मसाला). जिरावण घरचं, हात सैल सोडून घालतात. प्लेट 25 रुपये. पाच जास्त दिलेत तर वर हरभऱ्याची उसळ, ती तिखट आहे, सांगून ठेवते. जिलेबी बाहेरून येते आणि नऊनंतर चामट होते. चहाबद्दल काही न बोललेलं बरं.

खरी तक्रार गल्ल्यापाशी आहे. पोरगा परातीवर, नाना टीव्हीकडे, मधे कोणी नाही. रांगेत मी तिसरी असते आणि डावीकडून एक हात माझ्या खांद्यावरून पुढे जातो, "भिया, दो पोहे." मागच्या आठवड्यात एकाने तर बगलेखालून नोट सरकवली. मी नानांना म्हटलं, तुमच्या टीमला आणि तुमच्या दुकानाला एकच दुखणं आहे.

हे मी अधिकाराने म्हणते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी कॉलेजकडून बास्केटबॉलमध्ये पिव्हट खेळायचे, म्हणजे रिंगखालची उंच खेळाडू, आताचा सेंटर. पाच फूट आठ इंच. तेव्हा मुलींमध्ये तेवढी उंची पुरायची. तीन पॉइंटची रेषा अजून यायची होती, फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, ती 1984 मध्ये आणली, तोवर माझं खेळणं संपत आलं होतं. त्यामुळे सगळा खेळ आत. एका मॅचमध्ये समोरची गार्ड पहिल्या हाफमध्ये तीनदा आत शिरली आणि तिन्ही वेळा माझ्यावर आदळली. दुसऱ्या हाफमध्ये ती लांबूनच मारत राहिली. माझ्या नावावर एक ब्लॉक (हवेत अडवलेला शॉट) नाही, पॉइंट चार. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव आलं आमच्या फॉरवर्डचं. आईने कात्रण तिच्याच घरी नेऊन दिलं.

म्हणून या दुकानात गेले कित्येक महिने चाललेल्या भांडणात मी गप्प बसू शकत नाही. भांडण असं: किंग्जने बचावाचा सेंटर ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या टीमशी खेळाडूंची अदलाबदल करून, आणावा की नाही. सेंटर त्यांच्याकडे आहे, डोमांतास साबोनिस. 2025 पर्यंत सलग तीन सीझन लीगमध्ये सगळ्यात जास्त रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) त्याचे. पास तर असा देतो की बघत राहावं. पण उडी नाही, हात आखूड, आणि समोरचा वेगात आत आला की हा बाजूला उभा राहून साक्षीदार होतो. 2023 मध्ये सोळा सीझननंतर टीम प्लेऑफला गेली, आणि सातव्या मॅचला वॉरियर्सकडून घरात हरली. सगळ्यांना वॉरियर्सच्या स्टेफ करीचे 50 पॉइंट आठवतात. मला त्यांच्याच सेंटरचे, केव्हॉन लूनीचे, 21 रिबाउंड आठवतात. उंची साबोनिसएवढीही नाही, आणि त्यातले दहा त्याने किंग्जच्या रिंगखालून ओढले.

माझा भाचा चिन्मय म्हणतो, "मावशी, सिंपल आहे ना. गोबेअरसारखा एक उचला आणि साबोनिसच्या बाजूला उभा करा." मिनेसोटाने 2022 मध्ये रुडी गोबेअरसाठी काय मोजलं ते मी त्याला बोटांवर मोजून दाखवलं. पाच खेळाडू, पहिल्या फेरीचे चार पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क), आणखी एका पिकची अदलाबदल. त्या पाचांत वॉकर केसलर होता, म्हणजे बचावाचा सेंटर घेताना बचावाचा एक तरुण सेंटर देऊन बसले. पहिल्या वर्षी सगळ्यांनी हसून घेतलं, 42 विजय आणि 40 पराभव. मग 2024 मध्ये लीगमधला सगळ्यात कडक बचाव त्यांचा, गोबेअरला चौथ्यांदा सर्वोत्तम बचावपटूचा मान, आणि लागोपाठ दोन वर्षं कॉन्फरन्स फायनल. चिन्मय म्हणाला, "म्हणजे करायलाच पाहिजे ना!" मी म्हटलं, चार पिक म्हणजे सात वर्षांचा संसार गहाण. मिनेसोटाकडे अँथनी एडवर्ड्ससारखा स्टार होता म्हणून ते तगले. किंग्जचा स्टार डिअॅरन फॉक्स फेब्रुवारी 2025 मध्ये सॅन अँटोनियोला गेला. गहाण कोणाच्या भरवशावर टाकायचं?

कोपऱ्यातले जोशीकाका, पीडब्ल्यूडीतून रिटायर, यांचा तोडगा ठरलेला: "उंच माणूस आणा, रिंगखाली उभा करा, हलायचं नाही." काका, एनबीएत चालत नाही. 2001 पासून बचाव करणाऱ्याला कोणाला धरून न राहता रिंगसमोरच्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आपल्या रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर चालतं, कारण तिथे फिबाचे नियम. काका त्यावर सतनाम सिंगचं नाव काढतात. तो 2015 मध्ये डॅलसने निवडलेला, सात फूट दोन इंच, पण एनबीएची एकही मॅच खेळायला मिळाली नाही. मग नाना गल्ल्यावरून अभिमानाने सांगतात की रणदिव्यांनी त्याच वर्षी सिम भुल्लरला घेतलं होतं, सात फूट पाच इंच. खेळला तीन मॅच. उंचीवर भांडण संपत असतं तर आमच्या गल्लीतला विजेचा खांब सेंटर झाला असता.

माझं मत बनलं ते ऑक्टोबर 2019 मध्ये, वरळीच्या डोममध्ये. भारतात एनबीएच्या पहिल्या मॅच त्याच, किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. मी, नाना आणि चिन्मय अवंतिकाने गेलो, नानांनी डब्यात पोहे घेतले होते आणि रतलामपर्यंत संपवले. पेसर्स दोन्ही मॅच जिंकले, पहिली ओव्हरटाइममध्ये एका पॉइंटने. गंमत अशी की साबोनिस तेव्हा पेसर्सकडे होता. आणि त्याच्या जोडीला माइल्स टर्नर, त्याच वर्षी लीगमध्ये सर्वाधिक ब्लॉक करणारा. म्हणजे चिन्मयला हवी आहे ती जोडी आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे! टर्नर तीन पॉइंटच्या रेषेबाहेर जाऊन मारू शकतो, तरी दोघांची आत दाटी व्हायचीच. पेसर्सने काही वर्षं ओढलं आणि फेब्रुवारी 2022 मध्ये जोडी फोडली. साबोनिस किंग्जला दिला, त्यांचा तरुण गार्ड हॅलिबर्टन घेतला, टर्नर ठेवला. 2025 मध्ये फायनलला गेले, सातव्या मॅचपर्यंत.

तेव्हा माझं म्हणणं, ट्रेड करा, पण साबोनिसच्या बाजूला आणू नका, जागी आणा. हे बोलले त्या दिवशी नानांनी माझ्या प्लेटमध्ये शेव घातली नाही. साबोनिसचा फोटो देवाच्या तसबिरीशेजारी आहे.

17 एप्रिल 2025 ची सकाळ सांगते. प्ले-इन, म्हणजे प्लेऑफच्या आधीची पात्रता मॅच, डॅलस विरुद्ध, हरलं की घरी. दुकान गच्च, खांबामागच्या बाकावरही लोक (तिथून टीव्हीचा अर्धाच भाग दिसतो, नवीन माणसाला हमखास तिथेच बसवतात). दुसऱ्या क्वार्टरमध्ये नानांच्या मुलाच्या फोनवर, ज्याच्या नेटवर टीव्ही चालतो, कोणाचा तरी कॉल आला आणि टीव्ही काळा. एरवी आरडाओरडा होतो, त्या दिवशी पाच मिनिटं काही दिसलं नाही याचं कोणाला फार वाईट वाटलं नाही. 106 विरुद्ध 120. परातीवरच्या पोराने विचारलं, माळ काढून ठेवू का. नाना म्हणाले, राहू दे.

त्याच वर्षी जुलैत टर्नर इंडियाना सोडून मिलवॉकीला गेला. कोणी ट्रेड केला नाही, करार संपला होता, तो आपल्या पायाने गेला. चिन्मयने रात्री अकराला फोन करून सांगितलं. सकाळी गेले तर दुकानात फुटबॉलच्या जुन्या मॅच लावलेल्या. पण पावसाळ्यात नाना भुट्ट्याचा कीस करतात आणि तो पोह्यांपेक्षा सरस आहे: दुधात शिजवलेला, हिरवी मिरची बारीक, वर ओलं खोबरं. 40 रुपये. साडेआठनंतर मिळत नाही.

सीझन ऑक्टोबरात सुरू होतो. सुटे पैसे न्या, आणि गल्ल्यापाशी कोपर थोडं बाहेर काढून उभे राहा. बसायला टीव्हीसमोरच्या बाकाचं डावं टोक सोडून कुठलीही जागा घ्या. तिथे मी बसते.