ब्रिटनचं स्टुडंट अकाउंट: ओव्हरड्राफ्ट उत्तम, पण मर्यादेबाहेर पाय पडला तर?

ब्रिटनमधल्या बँका विद्यार्थ्यांना जे स्टुडंट अकाउंट देतात, त्यातला खरा ऐवज म्हणजे बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट. रेल्वेचं सवलत कार्ड, खातं उघडल्यावर मिळणारी रोख रक्कम, व्हाउचर्स हे सगळं वरचं. खात्यात शून्य असतानाही बँक हजार, दीड हजार, काही ठिकाणी तिसऱ्या वर्षी तीन हजार पौंडांपर्यंत वापरू देते आणि त्यावर एक पेनीही व्याज घेत नाही. इतकं स्वस्त कर्ज पुढे नोकरी लागल्यावरही मिळत नाही, म्हणून पात्रता असेल तर हे खातं जरूर घ्यावं. फक्त निवड करताना मर्यादा किती मोठी एवढंच बघितलं जातं, तिथे चूक होते. मर्यादा ओलांडली की ती बँक काय करते, हे आधी वाचायला हवं.

बँकेशी आधी ठरलेली उणे रक्कम म्हणजे अरेंज्ड ओव्हरड्राफ्ट, आणि ती ओलांडून किंवा परवानगीच नसताना खातं आणखी उणे गेलं तर तो अनअरेंज्ड ओव्हरड्राफ्ट. जाहिरातीतलं ‘बिनव्याजी’ हे पहिल्यापुरतंच असतं. शिवाय जाहिरातीतल्या रकमेमागे ‘अप टू’ म्हणजे ‘पर्यंत’ असतं. तुमची प्रत्यक्ष मर्यादा अर्ज आणि क्रेडिट तपासणीनंतर ठरते आणि ती बरीच कमीही असू शकते.

मर्यादेबाहेरचा भुर्दंड पूर्वी भयंकर होता. खात्यात पैसे नाहीत म्हणून एक पेमेंट परत गेलं की तीस-पस्तीस पौंड कापले जायचे आणि त्या कापलेल्या पैशांमुळेच पुढचं पेमेंट परत जायचं. ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या ग्राहकहित बघणाऱ्या तेव्हाच्या सरकारी संस्थेने बँकांना न्यायालयात खेचलं, पण २५ नोव्हेंबर २००९ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल बँकांच्या बाजूने दिला. हे चार्जेस म्हणजे सेवेच्या किमतीचाच भाग असल्याने करारातल्या अन्याय्य अटींविरुद्धच्या नियमांखाली त्यांची रक्कम रास्त आहे की नाही हे तपासता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. खरा बदल झाला ६ एप्रिल २०२० पासून. फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या वित्तक्षेत्राच्या नियामकाने ओव्हरड्राफ्टवरची दिवसाची आणि महिन्याची ठोक फी बंद केली, आकारणी फक्त साध्या वार्षिक व्याजदराने करायला लावली आणि अनअरेंज्डचा दर अरेंज्डपेक्षा जास्त ठेवायला मनाई केली. परत गेलेल्या पेमेंटसाठी फी घ्यायचीच असेल, तर ती बँकेला खरोखर येणाऱ्या खर्चाशी मिळतीजुळती असली पाहिजे. शंभर पौंड मर्यादेबाहेर वापरण्याचा खर्च साधारण दिवसाला पाच पौंडांवरून वीस पेन्सच्या खाली येईल, असा नियामकाचाच अंदाज होता. हा बदल अत्यंत गरजेचा होता. २०१६ मध्ये अनअरेंज्ड ओव्हरड्राफ्टच्या एकूण फीपैकी निम्म्याहून अधिक रक्कम केवळ दीड टक्का ग्राहकांकडून आली होती, म्हणजे ज्यांच्याकडे सगळ्यात कमी होतं त्यांच्याच खिशातून.

त्याच सुमारास अनेक मोठ्या बँकांनी साध्या खात्यांच्या ओव्हरड्राफ्टवर वर्षाला (चक्रवाढ धरून) ३९.९ टक्क्यांच्या आसपास दर लावला. आकडा अंगावर येतो, पण छोट्या रकमेवर आणि थोड्या दिवसांवर तो फारसा चावत नाही: शंभर पौंडांवर दिवसाला सुमारे ९ पेन्स, तीस दिवसांचे २ पौंड ८० पेन्स. स्टुडंट खात्यांत तर काही बँका मर्यादेबाहेरही व्याज घेत नाहीत, काहींचं व्याज बिनव्याजी टप्प्यापुढे सुरू होतं. खात्यासोबत येणाऱ्या ‘फी इन्फर्मेशन डॉक्युमेंट’मध्ये ओव्हरड्राफ्टचा भाग असतो, तिथे हे पाच मिनिटांत कळतं.

मग आता फटका कशाचा? परत गेलेल्या पेमेंटचा. आणि मर्यादा बहुतेक वेळा उधळपट्टीने ओलांडली जात नाही, तारखांच्या गोंधळाने ओलांडली जाते.

समजा मर्यादा १,००० पौंड आहे आणि शुक्रवारी खातं उणे ९३८ वर आहे. हाताशी ६२ उरले. शनिवारी सुपरमार्केटमध्ये कार्डाने ३१.४० दिले, ते ॲपमध्ये ‘पेंडिंग’ दिसतात. उरले ३०.६०. डायरेक्ट डेबिट म्हणजे ठरल्या तारखेला कंपनी खात्यातून आपोआप घेते ते पैसे. जिमचा २२.९९ चा डायरेक्ट डेबिट शनिवारचा, मोबाइलचा १५ चा रविवारचा. सुटीच्या दिवशी डायरेक्ट डेबिट होत नाहीत, पुढच्या कामकाजाच्या दिवशी होतात. त्यामुळे सोमवारी पहाटे दोन्ही एकदम येऊन उभे राहतात. जिमचे गेले, उरले ७.६१. मोबाइलचा परत गेला, अवघे ७ पौंड ३९ पेन्स कमी पडले म्हणून. तारखा वेगळ्या आहेत म्हणून निर्धास्त असलेला माणूस इथे हमखास सापडतो.

लंडनमध्ये यात आणखी एक खाच आहे. ट्यूब-बसमध्ये कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवता तेव्हा भाडं लगेच वजा होत नाही. दिवसभराचे प्रवास एकत्र करून ट्रान्सपोर्ट फॉर लंडन रात्री हिशेब करतं. रात्री ॲपमध्ये जी शिल्लक दिसते, तिच्यात आजचा प्रवास धरलेला नसतो. बँकेने ते भाडं नाकारलं तर ते चुकतं करेपर्यंत कार्ड गेटवर चालत नाही. पेट्रोल पंपावर पंपाशीच कार्डाने पैसे देताना मोठी रक्कम काही वेळ अडकवली जाऊ शकते, हॉटेलच्या डिपॉझिटचंही तेच. काठावरच्या खात्याला एवढा धक्का पुरतो.

तिसरं कारण स्टुडंट लोनच्या हप्त्याचं. इंग्लंडमध्ये मेंटेनन्स लोन, म्हणजे राहण्या-खाण्यासाठीचं कर्ज, टर्मच्या सुरुवातीला, वर्षातून तीनदा येतं. पहिला हप्ता युनिव्हर्सिटीत नोंदणी पूर्ण झाल्यावरच सुटतो आणि खात्यात दिसायला आणखी दोन-तीन कामकाजाचे दिवस लागू शकतात. नोंदणी सोमवारऐवजी गुरुवारी केली, तर भाड्याची तारीख आधी येते आणि पैसे मागून.

परत गेलेल्या पेमेंटसाठी बँकेने काही घेतलं नाही, तरी समोरची कंपनी लेट फी लावू शकते. घरभाड्याबाबत इंग्लंडमध्ये टेनंट फीज ॲक्ट २०१९ चं संरक्षण आहे: भाडं १४ दिवस थकल्याशिवाय घरमालकाला उशिराचा आकार लावता येत नाही, आणि नंतरही तो बँक ऑफ इंग्लंडच्या दरापेक्षा ३ टक्के अधिक एवढ्याच व्याजाने. एजंटने दुसऱ्याच दिवशी पन्नास पौंड मागितले, तर देऊ नका. शिवाय मर्यादा वारंवार ओलांडली तर त्याची नोंद एक्सपीरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन या पतनोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडच्या क्रेडिट फाइलमध्ये होऊ शकते, आणि प्रकरण डिफॉल्टपर्यंत गेलं तर ती नोंद सहा वर्षं राहते.

पेमेंट अडकतंय असा मेसेज बँकेकडून सकाळी आला, तर तो बाजूला ठेवू नका. बऱ्याच बँका त्याच दिवशी दुपारी पुन्हा प्रयत्न करतात. ती वेळ प्रत्येकीची वेगळी असते, ती आधीच माहीत करून घ्या आणि त्याआधी पैसे भरा. ॲपमधला इशारा मर्यादेच्या शंभर पौंड आधी लावा, कारण अगदी मर्यादेवरचा इशारा उशिराच येतो. डायरेक्ट डेबिटची तारीख बँक बदलत नाही, ती कंपनीकडून बदलून घ्यावी लागते, आणि बहुतेक कंपन्या फोनवर बदलून देतात. लोनचा हप्ता येणाऱ्या आठवड्यात एकही डेबिट ठेवू नका. बँकेतून डेबिट बंद केला म्हणजे देणं संपलं, असंही नाही. करार चालूच राहतो. मर्यादा तात्पुरती वाढवायची असेल तर ओलांडण्याआधी विचारा. ओलांडल्यानंतर बँकेचा सूर बदलतो.

या खात्याचं सगळ्यात दुबळं अंग मात्र शिक्षण संपल्यावर दिसतं. पदवीनंतर खातं ग्रॅज्युएट अकाउंट होतं आणि बिनव्याजी मर्यादा वर्षागणिक उतरते. समजा १,५०० ची मर्यादा एका ठरलेल्या तारखेला १,००० झाली आणि तुम्ही उणे १,४०० वर आहात. त्या दिवशी एक पेनीही खर्च न करता तुम्ही चारशे पौंडांनी मर्यादेबाहेर गेलात. ही तारीख पत्रात किंवा ॲपच्या इनबॉक्समध्ये येते, पण तेव्हा घर बदललेलं असतं, कॉलेजचा ईमेल बंद झालेला असतो. आणि ग्रॅज्युएट अकाउंट न घेता खातं साध्या खात्यात गेलं, तर १,५०० पौंडांवर ३९.९ टक्क्यांनी महिन्याला सुमारे ४२ पौंड निव्वळ व्याज. बिनव्याजी मुदतीत हेच ४२ पौंड दरमहा भरले असते तर छत्तीस महिन्यांत सगळं देणं फिटलं असतं. म्हणून बँक निवडताना पहिल्या वर्षीच्या बक्षिसापेक्षा पदवीनंतरच्या उतरत्या मर्यादेचा तक्ता जास्त मोलाचा.

भारतातून नुकतेच गेलेल्यांना हा ओव्हरड्राफ्ट बहुधा मिळत नाही. अनेक बँका ब्रिटनमध्ये तीन वर्षांचं वास्तव्य मागतात. त्यांनी साधं खातं उघडावं, आणि ओव्हरड्राफ्ट मिळेल या हिशेबाने खर्चाचा आराखडा करू नये.

चार्ज चुकीचा लागला असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा: तारीख, रक्कम, त्या दिवशीची शिल्लक, आणि इशारा आला होता की नाही. आर्थिक अडचण असेल तर तीही स्पष्ट लिहा, कारण अडचणीतल्या ग्राहकाशी सहानुभूतीने वागणं बँकेवर बंधनकारक आहे. अंतिम उत्तर द्यायला तिला आठ आठवडे मिळतात. ते आलं नाही किंवा पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं. अंतिम उत्तराच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, फी काहीच नाही, वकीलही लागत नाही. देणी एकूणच आवाक्याबाहेर गेली असतील तर स्टेपचेंज किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्था मोफत मदत करतात, आणि युनिव्हर्सिटीच्या हार्डशिप फंडाचा, म्हणजे अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठीच्या मदतनिधीचा अर्ज घरभाडं थकण्याआधीच भरून टाका.