आडव्या लंबकाच्या कॉइलची तार कुठून काढावी?

सातपुड्यात १९३८ च्या मार्चमध्ये सहाच्या वर तीव्रतेचा भूकंप झाला होता. त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या एखाद्या कॉलेजात कुणी भूकंपमापक बनवायला घेतला, तर नवल नाही. त्यातला सोपा प्रकार आडव्या लंबकाचा: गेटसारखी बिजागरीवर फिरणारी आडवी दांडी, टोकाला वजन; जमीन हलली की दांडीवरची कॉइल मॅग्नेटजवळ हलते आणि तिच्यात किंचित वीज तयार होते. दांडी, वजन, मॅग्नेट, आकडे नोंदवणारा डेटा लॉगर हे सगळं जमून जातं. गाडं अडतं ते किरकोळ वाटणाऱ्या एका प्रश्नापाशी: हलणाऱ्या दांडीवर कॉइल आहे, तर तिची वीज स्थिर स्टँडवर आणायची कशी? तार जोडावी तर तीच दांडीला धरून ठेवते.

किती धरून ठेवते, ते एकदा आकड्यांत बघा. ७० सेंमीची दांडी, टोकाला २ किलो वजन आणि आवर्तकाल २० सेकंद असा लंबक घेऊ. हा लंबक १ मिमी बाजूला सरकला, की त्याला मागे खेचणारं बल असतं फक्त २० मिलिग्रॅम वजनाइतकं. ज्वारीचा एक दाणाही साधारण याहून जड भरतो. एवढ्याशा बलावर चालणाऱ्या यंत्राला घरच्या वायरिंगमधली पीव्हीसीची वायर लावली, तर भूकंप मोजला जाणार नाही, वायरचा मूड मोजला जाईल. ताठपणा हा तिचा एक दोष. दुसरा त्याहून वाईट: वाकवलेलं पीव्हीसी तासन्‌तास हळूहळू सैल पडत राहतं, आणि मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास गेला की आणखी मऊ होतं. लंबकाची मधली जागा दिवसभर एका बाजूला सरकत राहते. रिबन केबलचंही तेच. हे दोन्ही पर्याय इथेच सोडू.

राहिल्या चार वाटा.

पहिली, वाइंडिंगची बारीक तार. शेतीपंपाच्या मोटारी भरणाऱ्या कुठल्याही दुकानात एनॅमलची तांब्याची तार मिळते, आणि पहिला प्रश्न असतो, "बारीक म्हणजे किती बारीक भो?" गोल तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. ३६ नंबरची तार ०.१९३ मिमी, ४० नंबरची ०.१२२ मिमी. व्यासात फरक दीडपट, ताठपणात सहापट. वरच्या लंबकाच्या टोकाला ३६ नंबरची १० सेंमी तार मोकळी ठेवली, तर एक तार लंबकाचा ताठपणा साधारण १२ टक्क्यांनी वाढवते, ४० नंबरची दोन टक्क्यांनी. तारा दोन लागतात, म्हणजे हिशोब दुप्पट. लांबीचं गणित तर अजून निर्दय आहे, ती निम्मी केली की ताठपणा आठपट. ३६ नंबरचीच एकच तार ५ सेंमीवर आखडून लावली, तर २० सेकंदांचा लंबक १४ सेकंदांवर येतो.

पण माझ्या मते नंबरापेक्षा जागा जास्त महत्त्वाची. तार कॉइलपासून दांडीला चिकटवत मागे बिजागरीपर्यंत न्या आणि तिथे, फिरण्याच्या अक्षाला लागून, स्टँडवर उतरवा. टोकाला १२ टक्के त्रास देणारी तीच ३६ नंबरची तार इथे अर्ध्या टक्क्याहूनही कमी त्रास देते, कारण इथे ती सरकत नाही, नुसती जराशी वळते. पेनाच्या रिफिलभोवती दोन-तीन वेढे देऊन सैल वेटोळं करा. दोन तारा एकमेकींना पिळू नका, घासल्या की लंबक मूळ जागी परतत नाही. दोन्ही टोकांना ॲरल्डाइटचा एकेक थेंब लावा, म्हणजे सोल्डरच्या जोडावर ताण येणार नाही. मऊ तांबं एकदा दुमडलं की दुमड तशीच राहते, म्हणून तार हाताळताना घाई नको.

दुसरी वाट म्हणजे लंबक ज्या तारेवर टांगलाय तिच्यातूनच वीज नेणं. बारावीच्या पुस्तकातला गॅल्व्हानोमीटर आठवा: फॉस्फर ब्राँझची पट्टी कॉइल टांगते आणि करंटही नेते, खालून एक सैल स्प्रिंग. पिळाच्या तराजूसाठी, म्हणजे तारेला पडलेल्या पिळावरून बल मोजणाऱ्या यंत्रासाठी, हे उत्तमच. आडव्या लंबकात मात्र दुसरा मार्ग टोकदार खिळ्याच्या टेकूतून जातो आणि त्या स्पर्शाचा रोध सतत हलतो. सिग्नल मायक्रोव्होल्टचा असताना हा गोंधळ कोण सहन करेल? भूकंपमापकासाठी मी हे सुचवणार नाही.

तिसरी: मॅग्नेट दांडीवर, कॉइल स्टँडवर. तारेचा प्रश्नच मिटला. बदल्यात चुंबकाचे नखरे येतात. स्टँड लोखंडी असेल तर मॅग्नेट त्याच्याकडे ओढला जातो, खिडकीबाहेर बुलेट उभी राहिली तरी थोडा कल बदलू शकतो. उपाय आहे. दोन सारखे मॅग्नेट उलट ध्रुवांनी बसवले की बाहेरच्या क्षेत्राचा परिणाम बराचसा कटतो. स्टँड लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा ठेवायचा.

चौथी, प्रकाशाची. दांडीला पातळ पत्रा, त्याच्या एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला फोटोडायोड. यात तार नाही, चुंबकही नाही. पण हे यंत्र कॉइलसारखा वेग नाही, जागा मोजतं, म्हणून हळूहळू आलेला कलही रेकॉर्डमध्ये दिसतो. तापीकाठच्या काळ्या जमिनीवर खोली असेल, तर पहिल्या पावसात जमीन फुगते, फरशी किंचित कलते आणि रेकॉर्ड पट्टीबाहेर जातो. मुरमाड किंवा खडकाळ जागेवर हरकत नाही.

हा त्रास फक्त हौशी लोकांना होतो असं समजू नका. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो या वेधशाळेत ४० किलोचा आरसा काचेच्या चार बारीक धाग्यांवर टांगलेला असतो आणि त्या शेवटच्या टप्प्यावर एकही तार नेलेली नाही. त्याला ढकलायचं तर समोरच्या दुसऱ्या वस्तुमानावरून, स्पर्श न करता, विद्युत क्षेत्राने. वरच्या टप्प्यांवरच्या तारा प्रत्येक टप्प्याला बांधून घेतात, नाहीतर कंपनं तारेवरून थेट खाली उतरतील. मंगळावरच्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकाला केबल होती. ती तापून-थंडावून रेकॉर्डमध्ये आवाज करायची, म्हणून २०२१ मध्ये यानाच्या हाताने तिच्यावर माती टाकली गेली.

तेव्हा निवड अशी. नव्याने बनवत असाल आणि वर्षानुवर्षं चालवायचं असेल, तर तिसरी वाट धरा. कॉइल आधीच दांडीवर बसली असेल तर खटाटोप नको, ४० नंबरची तार बिजागरीपाशी उतरवा. शाळेच्या प्रदर्शनात हात लावून दाखवायचं असेल तर प्रकाशाची, पडद्यावर लगेच रेघ हलते.

तार वापरली तर एक तपासणी कराच. डॅम्पिंगची, म्हणजे झोके लवकर शमवणारी, पट्टी लावली असेल तर ती काढून दहा आंदोलनांचा वेळ मोजा, आधी तारेशिवाय, मग तारेसह. आवर्तकाल अर्ध्या सेकंदाहून जास्त घटला, तर वेटोळं लांब करा. मग दांडी एकदा डावीकडून सोडा, एकदा उजवीकडून. दोन्ही वेळा ती वेगवेगळ्या जागी थांबली, तर तार कुठेतरी घासतेय किंवा दुमडली आहे. तार बदला आणि मगच वाऱ्याचं झाकण लावा.