इन्स्टॉलरमधलं पार्टिशनचं मॉडेल: कामांची यादी की दोन नकाशे?

जळगाव, चोपडा, शिरपूरकडच्या शाळांची जुनी मशीन्स लिनक्सवर आणायला स्वतःचा इन्स्टॉलर लिहिणार असाल, तर पार्टिशनचं (डिस्कच्या विभागांचं) डेटा मॉडेल, म्हणजे प्रोग्रॅम ही माहिती कशा रचनेत ठेवतो ते, आधी ठरवा. स्क्रीन नंतर बदलता येते, हे बदलणं फार जड जातं.

पहिला मार्ग कामांच्या यादीचा: हे पार्टिशन पुसा, इथे नवं करा, एक्स्ट-४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमने फॉरमॅट करा, रूटवर (फायलींच्या मुळाशी) माउंट करा, म्हणजे जोडा. उबुंटू सर्व्हरच्या इन्स्टॉलरमागचं कर्टिन हे साधन अशीच यादी वरून खाली वाचतं. लिहायला सोपं, तपासायला सोपं. पण वापरणाऱ्याने मागे येऊन दुसरं काम रद्द केलं आणि पाचवं त्यावरच उभं असेल, तर यादी ढासळते.

दुसऱ्या मार्गात डिस्कचे दोन नकाशे असतात, आत्ता आहे तो आणि हवा आहे तो. त्यांच्यातल्या फरकातून कामं प्रोग्रॅमच काढतो. ओपनसुसे या लिनक्सची लिबस्टोरेज-एनजी ही लायब्ररी अशी चालते. रद्द करायचं तर दुसरा नकाशा फेकून द्यायचा. नकाशा झाडासारखा मात्र ठेवू नका: एलव्हीएम (अनेक डिस्कची जागा एकत्र वापरणारी लिनक्सची सोय) यातला एक व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे जागेचा एकत्र साठा, दोन डिस्कवर पसरू शकतो, म्हणजे त्याला दोन पालक. एका घटकाला अनेक पालक चालतील अशी रचना, म्हणजे ग्राफच लागतो. खरी मेहनत क्रम लावण्यात आहे. पार्टिशन लहान करताना आधी फाइल सिस्टिम आकसायची, वाढवताना आधी पार्टिशन.

फेडोरा या लिनक्सची ब्लिव्हेट ही लायब्ररी या दोन मार्गांच्या मधली आहे, त्यात उपकरणांचं झाडही आहे आणि कामांची रांगही.

पार्टिशनचा नंबर ही ओळख मानू नका, मार्ग कुठलाही घ्या. जुन्या एमबीआर पद्धतीच्या पार्टिशन-तक्त्याच्या डिस्कवर लॉजिकल (एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आतलं) पार्टिशन ५ पुसलं की ६चं ५ होतं. मॉडेलमध्ये स्वतःचा आयडी द्या, सोबत सुरुवातीचा सेक्टर (डिस्कवरची जागा) आणि यूयूआयडी (न बदलणारा अनन्य ओळख-क्रमांक) ठेवा. आकार पूर्णांक बाइटमध्येच.

आपल्याकडे विजेचाही विचार हवा. अर्ध्यात लाइट गेली तर यादीला डिस्कची आताची स्थिती कळत नाही. नकाशेवाला इन्स्टॉलर डिस्क पुन्हा वाचतो आणि उरलेलं काम काढतो, फक्त हवा असलेला नकाशा पेनड्राइव्हवर जपलेला हवा. डेटा सरकवतानाच वीज गेली तर कुठलंच मॉडेल वाचवत नाही, म्हणून त्याआधी बॅकअप.

सगळ्या डिस्क सरसकट पुसायच्या असतील तर यादी घ्या, ग्राफची मेहनत वाया जाईल. विंडोज आणि मुलांच्या फायली ठेवून बाजूला लिनक्स बसवायचं असेल, तर माझं मत ठामपणे दोन नकाशांना.